रोजकीर्द मिटण्याची वेळ

काशीच्या दशाश्वमेध घाटावरून दक्षिणेकडे थोडे चालत गेले, की अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्या लागतात. होळकरांच्या या राज्यकर्तीने 1780 साली विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले आणि गंगेच्या काठी हा घाटही बांधला. तिचा दानधर्म खासगीतून होई. दौलतीचा हिशेब वेगळा आणि खासगीचा वेगळा, ही तिच्या कारभाराची शिस्त. दोन हिशेब एकमेकांत मिसळले, की दोन्ही बिघडतात, हे तिच्या फडावरील कारकुनाला सांगावे लागत नसे.

त्या पायऱ्यांना सांजवेळी नावा येऊन लागतात. शेवटचा उतारू दोन्ही पायांनी पायरीवर उभा राहीपर्यंत जाणता नावाडी दोर सोडीत नाही. एक पाय नावेत व एक पायरीवर असताना दोर सुटला, तर अनर्थ ठरलेला. येथे नाव सदोष नाही आणि उतारूही सदोष नाही. दोन योग्य कृत्यांचा क्रम तेवढा चुकला. संगणकाच्या व्यवहारात असा दोष फार छळतो. त्याला ‘रेस कंडिशन’ म्हणतात. मराठीत शर्यतीचा दोष म्हणावे.

या दोषाचे एक उद्बोधक उदाहरण 2025 साली लिनक्स या संगणकप्रणालीत उघडकीस येऊन दुरुस्त झाले. ते समजण्यासाठी आपल्या जुन्या पेढीत डोकावणे पुरेसे आहे. पेढीवर व्यवहार झाला, की तो आधी रोजकीर्दीत लिहावयाचा आणि मग सवडीने ज्याच्या त्याच्या खात्यावर, म्हणजे खतावणीत, चढवावयाचा. खतावणी लिहिता लिहिता दिवा विझला, तरी रोजकीर्द शाबूत असते. तिच्यावरून खाते पुन्हा उभे करता येते.

संगणकाच्या डिस्कवरील खतावणी म्हणजे फाइल सिस्टिम. कोणती फाइल कोठे आहे आणि कोणती जागा रिकामी आहे, याची ती नोंद. पूर्वी मध्येच वीज गेली, की सारी डिस्क पानापानाने तपासावी लागे. मोठ्या डिस्कला त्यात तासच्या तास जात. म्हणून रोजकीर्द आली. तिचे तांत्रिक नाव जर्नल. लिनक्ससाठी स्टीफन ट्वीडी यांनी 1998 साली तिचा आराखडा मांडला. 2001 साली ‘एक्स्ट-3’ आणि 2008 साली ‘एक्स्ट-4’ ही फाइल सिस्टिम त्या पायावर लिनक्समध्ये स्थिरावली. एकमेकांशी बांधलेल्या नोंदींचा एक गट जर्नलात लिहावयाचा, शेवटी ‘पूर्ण’ अशी खूण करावयाची आणि नंतरच मूळ जागी बदल करावयाचा. वीज जाऊन आली, की खूण असलेले गट पुन्हा उतरवले जातात आणि खूण नसलेले सोडून दिले जातात. एकच गट दोनदा उतरला, तरी बिघडत नाही. कारण जर्नलात ‘इतके वाढवा’ असे लिहिलेले नसते, ‘हे पान असे असावे’ असे लिहिलेले असते.

आता पेढी बंद करावयाची वेळ येते. डिस्क व्यवस्थेपासून सोडविणे याला ‘अनमाउंट’ म्हणतात. तोच नावेचा दोर सोडणे. याचा क्रम असा होता : उरलेली कामे पुरी करावयाची, चुकांच्या नोंदी करणाऱ्या कारकुनाचे टेबल रिकामे झाले, हे पाहावयाचे, मग जर्नलवर ‘बंद’ अशी पाटी लावून शेवटचा गट लिहावयाचा. पाटी लागल्यावर कोणी नवा गट उघडू लागला, तर ते अशक्यच समजून पहारेकरी सारा कारभार जागच्या जागी थांबवीत असे.

आणि नेमके ते अशक्य घडले. शेवटचा गट लिहिताना जर्नलचे पान डिस्कवर कोठे आहे, याचा शोध घ्यावा लागतो. त्या शोधात एखादी विसंगती आढळली, की ‘चूक सापडली’ अशी चिठ्ठी त्या कारकुनाच्या टेबलावर पडते. टेबल तर आताच रिकामे पाहिले होते! कारकून मात्र इमानी. त्याला शिकविल्याप्रमाणे तो चुकीची नोंद जर्नलातूनच करावयास निघतो, नवा गट उघडतो आणि पहारेकरी त्याला पाटीशी अडवतो. क्षणात संगणक ठप्प.

असा दोष शोधणे कठीण का, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. मेलेल्या संगणकाचा पंचनामा कारकून कोठे पडला, एवढेच सांगतो. चिठ्ठी कोणी, केव्हा टाकली हे सांगत नाही. दोन स्वतंत्र कामांच्या हकिगती शेजारी ठेवून क्षणांचा ताळा जुळवावा लागतो. माग काढण्यासाठी जागोजागी संदेश छापावे, तर तेवढ्या विलंबानेच शर्यतीचा निकाल बदलतो आणि दोष दडून बसतो. म्हणून जाणते अभियंते उलट वाट धरतात : संशयाच्या जागी मुद्दाम विलंब घालतात, म्हणजे ती निसटती फट रुंद होते आणि चोर पुन्हा पुन्हा त्याच दारी सापडतो. प्रस्तुत दोषही संगणकावर मुद्दाम अतोनात ताण देणाऱ्या चाचण्यांतूनच दिसला.

उपाय काय? पहारेकऱ्याला घरी पाठविणे हा उपाय नव्हे. तो होता म्हणूनच दोष कळला. कारकुनाने नेहमीच थेट खतावणीत लिहावे, हेही चालत नाही. थेट लेखन आणि जर्नलातून येणारे लेखन एकाच पानावर आदळू नये, म्हणूनच त्याला जर्नलाचा मार्ग लावून दिला होता. तेव्हा क्रमच बदलण्यात आला. प्रथम ‘पेढी मिटत आहे’ अशी सूचना लावावयाची. मग चालू गट सक्तीने पुरा करून त्याची वाट पाहावयाची. त्यानंतर कारकुनाचे टेबल रिकामे करावयाचे. यापुढे चूक सापडली, तर तिची नोंद थेट मूळ पानावर. जर्नलातून त्या पानाकडे येणारे आता कोणीच उरलेले नसते, म्हणून टक्कर होत नाही. पाहावयाचे ते आधीही पाहिले जात होते. परंतु दार लावण्यापूर्वी अंगण पाहिले, तर त्यात पुन्हा कोणी येऊ शकतो. आधी दार, मग अंगण, हा सारा फरक.

दुरुस्ती थोड्या ओळींची. तिच्यावर अवलंबून असलेले जग मात्र मोठे. दवाखान्यातील नोंदी, कचेरीतील दप्तर, दूर असलेल्या मुलाची छायाचित्रे अशा फाइल सिस्टिमच्या भरवशावर असतात, आणि ती सांभाळणाऱ्याला तिचे नावही ठाऊक नसते. अहिल्याबाई घाटाच्या पायरीवर उतरणारा यात्रेकरू तरी नावाड्याचे नाव कोठे विचारतो? शेवटचा पाय टेकल्यावरच दोर सुटेल, हा विश्वास त्याला पुरतो. तो विश्वास सार्थ ठरविणे, हेच त्या अनाम माणसाचे काम.