बालकांच्या मेंदूचे विकार : पहिली ओळख घरातच

निर्मल जिल्ह्यातील भैंसा येथून हैदराबाद दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. मोठी रुग्णालये अशी लांब असली म्हणजे बालकाच्या मेंदूचा विकार प्रथम ओळखण्याचे काम मातापित्यांच्याच नजरेवर येते.

सकाळी उठताच मुलाचे डोके दुखते, वांती होते आणि मग बरे वाटून ते खेळू लागते. घरची माणसे पित्त झाले असे समजतात. एखादे दिवशी ते पित्त असेलही. परंतु हे वारंवार घडू लागले, चाल अडखळू लागली, डोळा तिरळा वा दृष्टी अंधुक झाली, तर मेंदूत गाठ असण्याचा संभव ध्यानी घ्यावा. रात्री आडवे झोपल्याने कवटीतील दाब वाढतो, म्हणून हा त्रास पहाटे अधिक होतो.

जन्मजात व्यंगाची खूण निराळी. जन्मतः सुमारे 35 सेंटिमीटर असलेला डोक्याचा घेर वर्षाअखेर 46 च्या आसपास जातो. तो याहून झपाट्याने वाढला, टाळू फुगून ताठ राहिली, तर मेंदूत पाणी साठत असावे. शिंप्याच्या फितीनेही हा घेर मोजता येतो. वेळीच शस्त्रक्रिया करून नळीवाटे ते पाणी पोटात उतरविता येते. विलंबाने गेलेली दृष्टी मात्र बहुधा परतत नाही.

2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व शाळांत मुले तपासतात. त्यांच्यापाशी शंका बोलून दाखवावी. मूल गुंगू लागले, तर मात्र पथकाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.