'क्षुल्लक' या शब्दाचें वजन

'एवढ्या क्षुल्लक गोष्टीसाठीं रुसायचें काय?' असें घरांतील वडील माणसें मुलांना विचारतात. 'चूक क्षुल्लक आहे, खोडून पुढें लिही', असें शिक्षक विद्यार्थ्याला सांगतात. 'क्षुल्लक कारणावरून हाणामारी' हा मथळा तर वृत्तपत्राच्या वाचकाला इतका परिचयाचा आहे, कीं त्यावरून त्याची नजर न थांबतां पुढें सरकते. शब्द लहान आणि त्याचा अर्थही 'लहान' असाच. परंतु त्याचा उचित उपयोग करणें हें मात्र लहान काम नव्हे.

या अर्थाचीं विशेषणें मराठींत पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाचें घर निराळें आहे. नागपूरच्या इतवारींतील व्यापारी 'किरकोळ' म्हणतो, तेव्हां तो कोणाचाही उपमर्द करीत नाहीं. त्याला केवळ घाऊक नव्हे अशी विक्री अभिप्रेत असते. तोच शब्द दुखण्याला लागला, कीं 'किरकोळ ताप' हा दिलासा ठरतो. 'फालतू' म्हणजे मुळांत गरजेहून अधिक, शिलकी. पण 'फालतू बडबड' म्हणतांना शिल्लक जाऊन तिरस्कार उरतो. 'उथळ' आणि 'थिल्लर' हे दोन शब्द पाण्याच्या काठचे. जुन्या मराठींत थिल्लर म्हणजे पाण्याचें लहानसें डबकें. म्हणून विचार उथळ असतात, वागणें थिल्लर असतें. ताप मात्र कधीं थिल्लर नसतो. 'पोरकट' हें विशेषण मोठ्या माणसालाच लागतें. पोरानें पोरासारखें वागावें यांत दोष कसला?

व्याकरणाच्या दृष्टीनें हे शब्द फार सोयीचे आहेत. 'हलका' हें विशेषण नामाबरोबर रूप पालटतें: हलका विनोद, हलकी थट्टा, हलकें बोलणें. 'क्षुल्लक' मात्र बदलत नाहीं. वाद क्षुल्लक, तक्रार क्षुल्लक, कारणही क्षुल्लकच. रूप असें अढळ असल्यामुळें त्याचा अर्थही सर्वत्र अढळ असावा, असा भास होतो. घोटाळा येथेंच सुरू होतो.

संस्कृतांतील 'क्षुद्र' या शब्दाचें प्राकृत वळणानें झालेलें 'क्षुल्ल' हें रूप, आणि त्यापासून 'क्षुल्लक'. दिगंबर जैन परंपरेंत हीच संज्ञा आदराची आहे. श्रावकाच्या अकरा प्रतिमांपैकीं शेवटची पायरी गांठलेला, परंतु मुनिपद अद्याप न घेतलेला, लंगोटी व एक उपवस्त्र एवढ्यावरच राहणारा साधक 'क्षुल्लक' म्हटला जातो. लहान म्हणजे येथें मुनीहून लहान. संसारी माणसाहून तो मोठाच. तात्पर्य, लहानपण हें वस्तूच्या अंगीं नसतें. तें कशाच्या शेजारीं ती ठेवली जाते यावर अवलंबून असतें.

कायद्यानेंही या विशेषणाची दखल घेतली आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचें ९५ वें कलम क्षुल्लक अपायाविषयीं होतें. २०२३ च्या भारतीय न्यायसंहितेंत तोच आशय ३३ व्या कलमांत आला आणि १ जुलै २०२४ पासून तो अमलांत आहे. अपाय इतका अल्प असला, कीं सामान्य समजुतीचा व सामान्य स्वभावाचा मनुष्य त्याबद्दल तक्रार करणार नाहीं, तर तें कृत्य गुन्हा ठरत नाहीं. येथें मापाची काठी कोणाच्या हातीं दिली आहे, हें पाहण्यासारखें आहे. धक्का देणाऱ्याला काय वाटलें, हा प्रश्न कायदा विचारीत नाहीं. धक्का सोसणाऱ्या ठिकाणीं सामान्य मनुष्य उभा केला, तर तो तक्रार करील काय, एवढेंच विचारतो.

व्यवहारांत याच्या नेमकें उलट घडतें. 'क्षुल्लक' हा शब्द बहुधा ज्याला लागलें नाहीं तोच उच्चारतो. सुनेचें दुःख सासरच्यांना क्षुल्लक, गड्याची थकलेली मजुरी मालकाला किरकोळ, आणि विहिरीवर अडविलेल्या माणसाचा अपमान पाणी भरून गेलेल्याला फालतू वाटतो.

नागपूरच्या इतिहासांत याचा एक ठळक दाखला आहे. १९२३ सालीं चरख्याचा तिरंगी झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे मिरवणुकीनें जाण्यास सरकारनें मनाई केली, आणि १ मे पासून झेंडा सत्याग्रह सुरू झाला. बाजारभावानें पाहिलें, तर झेंडा म्हणजे हातभर कापड आणि एक काठी. तेवढ्यासाठीं निरनिराळ्या प्रांतांतून स्वयंसेवक नागपुरास आले आणि शेकडों तुरुंगांत गेले. जमनालाल बजाज यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेल यांनीं सूत्रें हातीं घेतलीं. अखेर १८ ऑगस्ट रोजीं मिरवणूक त्याच रस्त्यानें गेली. कापड खरोखरच क्षुल्लक असतें, तर सत्याग्रहींनीं तें खालीं ठेवलें असतें. पण मग सरकारलाही तें अडविण्याचें कारण नव्हतें. दोन्ही पक्षांना त्याचें वजन ठाऊक होतें.

मग हा शब्द टाकून द्यावा काय? मुळींच नाहीं. तो नसेल, तर प्रत्येक ओरखडा जखम ठरेल आणि प्रत्येक वाद कोर्टांत जाईल. फक्त तो कोणाच्या तोंडीं शोभतो, हें ओळखावें. 'माझें नुकसान क्षुल्लक आहे, जाऊं द्या', असें ज्याचें नुकसान झालें त्यानें म्हटलें, तर तें औदार्य होय. तेंच वाक्य नुकसान करणारानें 'माझें' च्या जागीं 'तुमचें' घालून म्हटलें, तर तें औद्धत्य होय. विशेषण तेंच राहतें, रूपही तेंच राहतें. एका सर्वनामानें वाक्याची नीति बदलते.