उबा ऊस आणि पंधरा टक्के
(माळेगाव बुद्रुक येथील बैठकीतील भाषण)



आज बोलायचं उसाचंच आहे, पण निरा डाव्या कालव्यावरच्या नव्हे, हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावरच्या. तिथं ना राजा होता, ना रयत. डचांनी १५९८ मध्ये बेटावर हक्क सांगितला, आपल्या राजपुत्राचं नाव दिलं आणि १६३९ मध्ये जावाहून ऊस आणला. मग फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रज. १८३५ मध्ये गुलामगिरी बंद झाली तशी मळेवाल्यांनी माणसं हिंदुस्थानातून नेली. पाच वर्षांचा करार, साडेचार लाखांच्या आसपास माणसं. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे मराठीही होते. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापत. साम्राज्याच्या तोफा शाळेत शिकवतात, ही हजेरीची वही शिकवत नाहीत.

पुढं मळेवाल्यांनी कडेची, हलकी जमीन तुकडे पाडून विकली. मजुरांनी पै-पै साठवून ती घेतली. मजूर शेतकरी झाला, पण गाळप मळेवाल्याच्याच कारखान्यात. उबा नावाची जात हलक्या रानातही तग धरायची, वजन द्यायची, म्हणून लहान शेतकऱ्यांनी ती लावली. १९३७ मध्ये कारखानदार म्हणाले, उबाला उतारा कमी, भाव पंधरा टक्के कमी! शेतकरी उठले. ऑगस्टमध्ये युनियन फ्लाकच्या मळ्यावर गोळीबार झाला, चार माणसं गेली. आणि हे नीट ऐका, तिथला मालक गोरा नव्हता, हिंदी वंशाचाच होता.

आपल्याकडे २००७ मध्ये पाडेगावच्या संशोधन केंद्रातून फुले २६५ आली. खारवट, चोपण रानात जमते, वजन देते. काही कारखान्यांनी लगेच तोंड वाकडं केलं. उतारा कमी म्हणे! शेतीची पदवी घेतलेला माणूस म्हणून सांगतो, उतारा नुसत्या जातीवर ठरत नाही. उसाचं वय आणि तोडीपासून गव्हाणीत पडेपर्यंत गेलेले तास, दोन्ही मोजावे लागतात. तोडीचा कार्यक्रम कारखान्याच्या हातात, वाळलेल्या उसाची घट आपल्या पदरात. एफआरपीसुद्धा कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर निघते, कुणा एकाच्या जातीवर नाही.

इथला कारखाना सहकारी आहे, सभासद आपणच आहोत. तेव्हा वार्षिक सभेत दोन गोष्टी मागा. तोडीपासून गाळपापर्यंत किती तास गेले, ते गटवार फलकावर लावा. उताऱ्याच्या रोजच्या नोंदी सभासदाला दाखवा. मागणी लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.