अशील, वकील आणि सत्य

अशील दोषी आहे हें ठाऊक असतांहि वकील त्याची बाजू कशी मांडतो, हा प्रश्न घरोघर विचारला जातो. श्रोतेहो, या प्रश्नाचा उलगडा लंडन येथील एका खटल्यावरून बराचसा होतो.

सन १८४० च्या मे महिन्यांत लॉर्ड विल्यम रसेल या वृद्ध सरदाराचा राहत्या घरीं खून झाला. आरोप आला त्याच्या कूर्व्हाझिए नामक स्विस नोकरावर. खटला चालू असतांच चोरीचीं चांदीचीं भांडीं सांपडलीं. तेव्हां आरोपीनें आपले वकील चार्ल्स फिलिप्स यांजपाशीं गुन्हा कबूल केला. तरी बचाव सोडूं नये, असा आग्रहहि धरिला. फिलिप्स यांनीं न्यायासनावरील बॅरन पार्क यांचा खासगी सल्ला घेतला. पुराव्यांतून निघणारा प्रत्येक रास्त मुद्दा मांडावा, असें त्यांनीं सांगितलें. आरोपी फांशीं गेला. फिलिप्स यांजवर मात्र टीकेची झोड उठली. अशिलाची कबुली न्यायाधीशाच्या कानीं घातली, आणि निरपराध सहनोकरांवर संशय ढकलला, हे त्यांजवरील मुख्य आक्षेप.

या आक्षेपांतच वकिलाच्या धर्माची मर्यादा दिसते. सरकारपक्षानें आपला आरोप सिद्ध करावा, असें म्हणणें हा बचाव होय. खोटा साक्षीदार उभा करणें किंवा दुसऱ्यास गोवणें हा अधर्म होय. शिक्षा पुराव्यावरून व्हावी, वकिलाच्या समजुतीवरून नव्हे. भारतांतील बार कौन्सिलचे नियमहि हेंच सांगतात: अपराधाविषयीं स्वतःचें मत कांहींहि असो, आरोपीचा बचाव करावा, पण तो रास्त व सन्मान्य मार्गानें. अशिलाचें गुपित २०२३ च्या साक्ष अधिनियमानेंहि राखिलें आहे. परंतु पुढील दुष्कृत्यासाठीं केलेल्या मसलतीस तें संरक्षण नाहीं.

दिवाणी दाव्यांत कर्तव्याचें रूप पालटतें. तेथें कोणाची मान फांसांत नसते. म्हणून कज्जा वाढविण्यापेक्षां मिटविणें श्रेयस्कर. गांधीजी १८९३ सालीं दादा अब्दुल्ला यांच्या दाव्यासाठीं दक्षिण आफ्रिकेंत गेले. प्रतिपक्षी अशिलाचाच नातलग होता. गांधीजींनीं उभयतांस लवादास राजी केलें. निकाल अशिलाकडून लागला. रक्कम सुमारें ३७,००० पौंड. ती एकदम मागितली असती, तर प्रतिपक्षाचें दिवाळें निघालें असतें. गांधीजींनीं अशिलाचें मन वळवून हप्ते बांधून दिले. दोघांचीहि अब्रू राहिली.

दाव्यांतील मिळकतीचा हिस्सा फी म्हणून ठरविण्यास आपल्याकडे वकिलांस मनाई आहे, ती याचसाठीं. ज्याचा स्वार्थ कज्ज्यांत गुंतला, त्याच्या मुखांतून समेटाचा सल्ला कसा निघावा?