कुष्ठरोग आणि वारशाचा प्रश्न



अँटॉप हिलसारख्या ठिकाणी ही परिषद भरावी आणि तिचे अध्यक्षपद आपण मजकडे सोपवावे, याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे. येथून जवळच, वडाळ्यास, अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे. शाळिग्रामांच्या साहाय्याने मराठ्यांचे पोवाडे संगृहीत करून ज्या अ‍ॅकवर्थसाहेबांनी आपल्या वाङ्मयावर उपकार केले, त्यांनीच मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर असताना, १८९० साली, रस्तोरस्ती बेवारस फिरणाऱ्या कुष्ठपीडितांसाठी या रुग्णालयाचा पाया घातला.

अशा भूमीवर उभे राहून मी आज एका जनुकाविषयी बोलणार आहे. कारण हा रोग वारशाने येतो की संसर्गाने, या प्रश्नाच्या उत्तरावर रोग्याचे घर, त्याच्या मुलींची लग्ने आणि गावातील त्याची पत अवलंबून राहिली आहे. १८४७ साली नॉर्वेतील डॅनियलसन आणि बोक यांनी तो आनुवंशिक ठरविला. १८७३ साली त्याच देशातील हान्सेन यांनी जंतू दाखवून ते मत खोडून काढले. पुढे संसर्गाच्या भीतीपोटी आपल्याकडे १८९८ चा कायदा आला आणि निराधार रोग्यास आश्रमात डांबण्याचा अखत्यार सरकारला मिळाला. वारसा म्हटले तरी रोगीच दोषी, संसर्ग म्हटले तरी रोगीच दोषी!

आता जनुकाकडे वळू. शरीरात शिरलेला जंतू भक्षकपेशी गिळतात, तो एका पुटिकेत अडकतो आणि पाचकरसांनी भरलेले लायसोसोम त्या पुटिकेशी येऊन मिळतात. या लायसोसोमांच्या पटलात ५५० अमिनो आम्लांचे एक प्रथिन बसलेले असते. पुटिकेतील लोह आणि मँगनीज बाहेर उपसून जंतूची उपासमार करणे हे त्याचे काम. त्याचा जनुक, एसएलसी११ए१, आपल्या दुसऱ्या गुणसूत्रावर आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी १९९३ साली उंदरात तो प्रथम हुडकला, तेव्हा असे आढळले की १६९ व्या स्थानावरील एकच अमिनो आम्ल बदलले, की जे जंतू उंदीर एरवी सहज आवरतो त्यांच्यापुढे तो हतबल होतो. १९९८ साली व्हिएतनाममधील कुष्ठपीडित कुटुंबांतही या जनुकाचा रोगाशी संबंध दिसला. मात्र अन्य प्रदेशांत तसाच निष्कर्ष दर वेळी निघाला नाही.

याचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. वारशाने येते ती प्रतिकाराची कमीअधिक शक्ती. रोग येतो तो जंतूमुळेच, आणि बहुसंख्य माणसे त्याला निसर्गतःच पुरून उरतात. परळला डॉ. खानोलकरांनी प्रारंभीच्या चट्ट्यांची ऊतिपरीक्षा केली, वरळीला डॉ. अंतिया यांच्या संस्थेत भक्षकपेशींचा अभ्यास झाला; या परंपरेने रोगाकडे पाहिले ते रोग्याच्या कुळाची झाडाझडती घेण्यासाठी नव्हे. जनुकाचे नाव पुढे करून कोणी उद्या पूर्वजन्मीच्या पापाची जुनी कल्पना नव्या वेषात आणील, तर तिला आपण सर्वांनी ठामपणे विरोध केला पाहिजे. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून काढून टाकायला आपल्याला २०१९ साल उजाडावे लागले, हे विसरता येत नाही.

मित्रहो, आपले काम प्रयोगशाळेपेक्षा लहान नाही. चाळीतल्या अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून बसलेल्या मुलाच्या पाठीवरील फिकट चट्ट्यास कापसाचे टोक लावून, ‘कळले तिथे बोट ठेव’ असे सांगणारी, त्याच्या कोपरामागील शीर हलक्या हाताने चाचपणारी कार्यकर्ती वेळीच पोहोचली, तर त्या मुलाची बोटे वाकडी होत नाहीत. म्हणून माझी आपणास एवढीच विनंती आहे, की ‘हा रोग आमच्या रक्तातच आहे का?’ असे कोणी आईबाप विचारतील, तेव्हा त्यांना निःशंकपणे सांगा: रोग जंतूचा आहे, औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते, आणि सहा किंवा बारा महिने ते नेमाने घेतले म्हणजे माणूस बरा होतो.