शब्द आणि भार

(ज्येष्ठ नागरिकांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



ज्येष्ठांच्या मेळाव्यात वक्त्याने मुलांच्या कृतघ्नतेवर बोलावे, अशी रीतच पडून गेली आहे. तो विषय खोटा नाही. खोटा असता तर आई-वडिलांच्या निर्वाहासाठी २००७ साली संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला नसता. परंतु आज मला बोलायचे आहे ते आपल्या वागण्याविषयी. मुलाच्या किंवा लेकीच्या घरी आपण पाहुणे नसतो हे खरे. पण तेथे आपण मालकही नसतो. या दोहोंमधली आपली जागा कोणती, हे आपल्याला कोणी शिकविलेच नाही.

वृत्तपत्रात काम करताना वाचकांची पत्रे येतात. त्यांतले एक पत्र माझ्या मनातून जात नाही. लिहिणारी बँकेत नोकरी करणारी सून. सासू-सासरे त्याच शहरात, दोन थांब्यांच्या अंतरावर. त्यांच्याकडे या घराची किल्ली होती. दुपारी सासूबाई येत, स्वयंपाकघरातले डबे आपल्या पद्धतीने लावीत, कपाट आवरीत, आलेली पत्रे वाचून ठेवीत. ‘त्या वाईट नाहीत,’ असे तिने दोनदा लिहिले होते. ‘पण आठ वर्षांत माझ्या घरात साखरेचा डबा कोठे ठेवायचा, हे मी ठरविलेले नाही.’ अखेर तिच्या नवऱ्याने नागपूरला बदली मागून घेतली. आई-वडिलांना मात्र ‘वरून हुकूम आला’ असे सांगितले. रोज संध्याकाळी अंगाखांद्यावर खेळणारा नातू त्यांना आता दिवाळीला आणि मे महिन्यात भेटतो. का, ते त्यांना अजून ठाऊक नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘आमच्या वेळी हे असले काही नव्हते.’ खरेच नव्हते. वाड्यातील एकत्र कुटुंबात कर्त्या पुरुषाचा आणि थोरल्या बाईचा शब्द चालत असे. पण त्या शब्दामागे भार होता. विधवा बहिणीचा सांभाळ, पुतण्याचे शिक्षण, भाचीचे लग्न, घरातली आजारपणे, साऱ्याची काळजी कर्त्याच्या शिरावर असे. आज घराचे वीस वर्षांचे हप्ते मुलगा आणि सून मिळून फेडतात; मुलांच्या शाळा, औषधपाणी तेच पाहतात. भार त्यांनी वाहावा आणि शब्द मात्र आपला चालावा, याला एकत्र कुटुंबाची परंपरा म्हणता येणार नाही. ती परंपरेतील आपल्या सोयीची तेवढी बाजू झाली.

आपल्या आश्रमव्यवस्थेत गृहस्थाने हात आवरता केव्हा घ्यावा, याच्या खुणा सांगितल्या आहेत. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात त्या येतात: अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पिकलेले केस आणि अपत्याचे अपत्य. यातली तिसरी खूण लक्षात घ्यावी. नातवंडाचा जन्म ही मागे सरण्याची वेळ मानली गेली आणि आपण नेमके त्याच वेळी मुलांच्या घरात सर्वाधिक शिरतो! आज कोणी अरण्यात जावे असे मी म्हणत नाही. नोकरी करणाऱ्या आई-बापांना आजी-आजोबांची मदत हवीच असते. पण मदतीला गेलेल्याने कारभार हाती घेऊ नये.

तान्ह्या बाळाचेच पाहा. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, पाणीसुद्धा नको; आणि वर्षाच्या आत मध चाटवू नये, असे डॉक्टर सांगतात. मधातून क्वचित होणारी विषबाधा तान्ह्या जिवाला घातक ठरू शकते. तरी सून कामावर गेली की हळूच मधाचे बोट चाटविणाऱ्या आज्या आहेत. त्यांच्या मायेविषयी मला शंका नाही. पण जे काम लपून करावे लागते ते आपल्या अधिकारातले नसते, एवढे तरी त्यांनी ओळखावे.

विहीणबाईंनाही दोन शब्द सांगायला हवेत. पूर्वी लेक सासरी गेली की महिन्याकाठी पत्र येई. आज भाजीला फोडणी कसली दिली, जावईबापू काय बोलले, सासूने तोंड कसे केले, हे सारे दिवसातून चार वेळा भ्रमणध्वनीवर माहेरी पोहोचते. रात्री नवरा-बायकोचे भांडण मिटते. पण सकाळी आई ते पुन्हा उकरून काढते. लेकीच्या संसारातला हा हस्तक्षेप उंबरठा न ओलांडताच होतो, म्हणून तो कोणाला दिसत नाही.

‘घरासाठी पहिली रक्कम आम्ही दिली,’ हा आणखी एक दाखला. दिली असेल तर ते दान की ऋण, हे आधीच स्पष्ट करावे. उतारवयाची धास्ती असेल तर २००७ च्या त्या कायद्याचे २३ वे कलम पाहावे. साठी पूर्ण केलेल्या व्यक्तीने सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली आणि ती अट पाळली गेली नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. म्हणून ती अट दस्तात लिहून घ्यावी. १९७० साली रंगभूमीवर आलेल्या ‘नटसम्राट’मधल्या अप्पासाहेबांसाठी आपण डोळे पुसतो, पण सर्वस्व वाटून मोकळे झाल्यावर त्यांना हक्काचे छप्पर उरले नव्हते, हे विसरतो. आपले छप्पर राखावे. ते राखले की दुसऱ्याच्या घराची किल्ली जवळ बाळगावीशी वाटत नाही.

मग काहीच बोलू नये काय? मारहाण होत असेल, व्यसन शिरले असेल, लेकरू उपेक्षित राहत असेल, तर अवश्य बोलावे, मध्ये पडावे. तेथे मौन हा अपराध आहे. परंतु पडद्याचा रंग, सुट्टीतला प्रवास, दुसरे मूल केव्हा, या गोष्टी त्यांच्या आहेत. विचारले तर सांगावे आणि सल्ला मानला नाही तर रुसू नये. किल्ली असली तरी आधी विचारून जावे, दारावरची घंटा वाजवावी. डबे जेथे असतील तेथेच राहू द्यावेत.

ज्या मुलांना आपण पंचवीस वर्षे वाढविले त्यांना घर चालविता येईल, हा विश्वास आपल्याला नसेल, तर तो अविश्वास आपण केलेल्या संस्कारांवरच ठरतो. तो विश्वास ठेवावा, एवढीच आपणा सर्वांना विनंती करून मी थांबतो.