दहाचं नाणं वाचता आलं पाहिजे

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



समितीने विषय माझ्यावर सोडला. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर काम करणारा माणूस. शाळा आठवीपर्यंत, पुढचं जे काही आहे ते पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून. म्हणून सगळ्यांच्या खिशात असतो तोच विषय घेतला आहे. नाणं.

आपली दानपेटी उघडली की हल्ली दहाची नाणी फार निघतात. श्रद्धा वाढली असं कोणी समजू नये. दुकानदार म्हणतो, "हाई चालत नही भाऊ," मग माणूस म्हणतो, चला, विहारात टाकून देऊ. त्यात बाबासाहेबांचं नाणंही सापडतं. एका किराणा दुकानात माझ्यादेखत एका म्हाताऱ्या आजीच्या हातावर बाबासाहेबांचा चेहरा असलेलं दहाचं नाणं परत ठेवलं गेलं. ती बिचारी मुकाट्याने निघाली. मला ते फार लागलं. दुकानदाराला बाबासाहेबांचा राग होता असं मी म्हणणार नाही, तो कुठलंच दहाचं घेत नव्हता. पण आजीला आपल्या हातात काय आहे हे माहीत असतं, तर ती तिथेच उभी राहिली असती.

तर ते नाणं हातात घ्या. कुठलंही घ्या, त्यावर सिंह आहेत. सारनाथच्या अशोकस्तंभाचे. सिंह चार, दिसतात तीन. त्यांच्या पायाखालच्या पट्टीवर हत्ती, बैल, घोडा आणि सिंह कोरलेले असून मध्ये मध्ये धम्मचक्र आहे. स्वातंत्र्यानंतरही काही काळ इंग्रज राजाचं डोकं असलेलीच नाणी बाजारात चालत होती. १५ ऑगस्ट १९५० ला आपल्या प्रजासत्ताकाची नाणी निघाली. राजाचं डोकं गेलं, सिंह आले. रुपयाच्या मागे पूर्वी वाघ होता, तिथे धान्याची कणसं आली. एका पैशावर घोडा आला, एक आण्यावर बैल आला. हा घोडा आणि हा बैल अशोकाच्या त्याच पट्टीवरचे आहेत. म्हणजे आपल्या आजोबांनी बाजारात मोजलेल्या आण्या-पैशांवर सारनाथ होतं, आणि कोणी ते सांगितलं नाही! पुढे १ एप्रिल १९५७ पासून शंभर पैशांचा रुपया झाला आणि आणे गेले.

नाणी पाडायचा अधिकार फक्त केंद्र सरकारचा. रिझर्व्ह बँक ती लोकांपर्यंत पोहोचवते. टांकसाळी चार : मुंबई, कोलकाता, हैदराबाद, नोएडा. मुंबईची फोर्टात रिझर्व्ह बँकेसमोर आहे, १८२९ सालची. आधी चित्र काढतात, त्याचा मोठा नमुना करतात, तो यंत्राने लहान करत पोलादी ठशावर उतरवतात. धातूच्या पत्र्यातून गोल चकत्या कापतात, भट्टीत तापवून नरम करतात, कडा उठवतात. मग वरून एक ठसा, खालून एक ठसा, आणि एकाच दाबात दोन्ही बाजू उमटतात. आमच्या खात्यात जसा बॉबिनवरून माल कोणत्या फ्रेमचा ते कळतं, तसं नाण्यावरही कळतं. सालाखाली बारीक चौकट-हिरा असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. मुलांना हे एकदा दाखवा, आठवडाभर घरातली सगळी चिल्लर तपासतील.

आता थोडं मागे जातो, कारण ही गोष्ट आपल्या शेजारच्या नाशिकची आहे आणि माझ्या धंद्याची आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी गावात चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेरा हजारांवर नाणी. ती क्षत्रप राजा नहपानाची. त्याचा पराभव करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने त्यातली नऊ हजारांवर नाणी वितळवली नाहीत. नहपानाच्या चेहऱ्यावरच आपला ठसा मारला, आणि त्या ठशात तीन कमानींचा चैत्य आहे. राज्य बदललं हे लोकांना असं हातात कळलं.

याच नहपानाचा जावई उषवदात. नाशिकच्या लेण्यांत दहाव्या लेण्यात त्याचा लेख आहे. भिक्खू संघासाठी त्याने ३००० कार्षापण नाणी दिली, पण संघाच्या हातात दिली नाहीत. गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. २००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजाने. १००० दुसरीकडे, पाऊण टक्क्याने. मुद्दल कधी काढायचं नाही. हिशेब करा. दोन हजारांवर वर्षाचं व्याज २४०. वर्षावासाला राहणारे भिक्खू वीस, प्रत्येकाला चीवरासाठी बारा. वीस गुणिले बारा, २४०. पै न् पै जुळते! हे नगरसभेत जाहीर करून फळ्यावर लिहून ठेवलं होतं. दोन हजार वर्षांपूर्वी संघाचा पैसा विणकराकडे सुरक्षित मानला जात होता. आज आम्हा गिरणी कामगारांना पतपेढी दारात उभं करताना दहा कागद मागते, ते असो.

बाबासाहेबांनी नाण्याचा विचार याहून खोल केला. त्यांचा 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा इंग्रजी ग्रंथ १९२३ साली लंडनला छापला गेला, डॉक्टर ऑफ सायन्ससाठी लिहिलेला. मला तो नीट कळायला तीन पावसाळे लागले. १८९३ पर्यंत कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावं आणि रुपये पाडून घ्यावेत अशी सोय होती. ती सरकारने बंद केली. आता किती रुपये पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर. बाबासाहेबांचं म्हणणं, या मर्जीला लगाम पाहिजे, कारण रुपये वाढले की महागाई वाढते. पगार मात्र मागून लंगडत येतो. हे माझ्यासारख्याला पुस्तकाशिवायही कळतं, पण कारण त्यांनी दाखवलं. १९२५ साली हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांनी साक्षही दिली. आपले काही वक्ते सांगतात की रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनीच काढली. १९३५ ची बँक या कमिशनच्या शिफारशीतून आली आणि त्या कमिशनपुढे त्यांची साक्ष आहे, एवढं कागदावर आहे. तेवढंच सांगावं. ते कमी नाही.

सरकारने १९९० साली जन्मशताब्दीनिमित्त त्यांच्या चेहऱ्याचं एक रुपयाचं नाणं काढलं. ६ डिसेंबर २०१५ ला १२५ रुपयांचं आणि दहा रुपयांचं काढलं. १२५ चं संग्रहासाठी. दहाचं मात्र बाजारात चालवायला काढलेलं आहे. बऱ्याच घरांत ते फोटोपुढे ठेवतात. एक ठेवा, माझ्याही घरी आहे. बाकीची चालवा.

आणि कोणी नाही म्हटलं तर काय सांगायचं? पंधरा रेघांचं खोटं, दहा रेघांचं खरं, ही निव्वळ अफवा. १७ जानेवारी २०१८ ला रिझर्व्ह बँकेने पत्रक काढलं की दहाच्या नाण्याचे तोपर्यंत निघालेले चौदाही नमुने खरे आणि चलनी आहेत. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे एक रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंत देता येतात. पन्नास पैशांचं नाणंही चलनात आहे, दहा रुपयांपर्यंत. पंचवीस पैसे आणि खालची मात्र ३० जून २०११ पासून बंद झाली, ती दुकानदाराच्या माथी मारू नका. भांडण करू नका, पत्रकाची झेरॉक्स दाखवा. समितीने ती सूचना फलकाशेजारी ठेवली आहे, जाताना घेऊन जा.

शेवटी एक निरोप. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना नाशिकला नेण्याचं ठरतं आहे. आधी लेणी, दहाव्या लेण्यातला तो लेख, मग त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीचं नाणे संग्रहालय. आठवीच्या पुढच्या मुला-मुलींची नावं पौर्णिमेपर्यंत द्या. मुलींची नक्की द्या. जयभीम.